विश्लेषण : केकऐवजी टोपीचा खोका, जेवणाआधी तराजू... इन्सुलिन येईपर्यंत एलिझाबेथ ह्यूज कशी तगली?

वाढदिवस आहे, मेणबत्त्या पेटल्या आहेत, घरचे जमले आहेत. पण समोर केक नाही. गुलाबी-पांढरा कागद लावलेला टोपीचा रिकामा खोका आहे आणि मेणबत्त्या त्याच्यावरच उभ्या केल्या आहेत. साधारण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका अतिशय प्रतिष्ठित घरात एका शाळकरी मुलीचा वाढदिवस असा साजरा होत असे. केक परवडत नव्हता असे नाही. तिला तो खायला मनाई होती.

या मुलीचे नाव एलिझाबेथ ह्यूज. वयाच्या अकराव्या वर्षी तिला मधुमेह झाला, तेव्हा जगात इन्सुलिन नव्हते. पुढची तीन वर्षे ती जगली ती केवळ आहारावर. ‘लो-कार्ब’ हा शब्द आज वजन कमी करण्याच्या रील्समधून सतत कानावर पडतो. एलिझाबेथच्या काळी कर्बोदके तोडण्याचा अर्थ फार वेगळा होता. तो आहार नेमका काय होता, तो पाळणे तिला कसे जमले, त्याने ती बरी झाली का आणि पुढे तिने ही गोष्ट आयुष्यभर का लपवली, याविषयी...

कोण होती एलिझाबेथ ह्यूज?

एलिझाबेथचा जन्म १९ ऑगस्ट १९०७ रोजी न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी येथे, थेट गव्हर्नरच्या निवासस्थानी झाला. तिचे वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज तेव्हा न्यूयॉर्कचे गव्हर्नर होते. १९१० मध्ये ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९१६ मध्ये ते पद सोडून त्यांनी रिपब्लिकन पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि वुड्रो विल्सन यांच्याकडून २७७ विरुद्ध २५४ अशा निसटत्या फरकाने ते हरले. १९२१ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. पुढे १९३० ते १९४१ या काळात ते सरन्यायाधीश होते.

आई अँटोनेट. चार भावंडांत एलिझाबेथ सर्वांत धाकटी. पुस्तकांत रमणारी, पक्ष्यांचे वेड असलेली, लांबलचक पत्रे लिहिणारी मुलगी. १९१९ च्या वसंतात तिला न्यूयॉर्कमधील एका डॉक्टरांकडे नेण्यात आले तेव्हा तिची उंची पाच फुटांना जेमतेम अर्धा इंच कमी होती आणि वजन ७५ पौंड, म्हणजे सुमारे ३४ किलो.

तेव्हा मुलांमधील मधुमेह म्हणजे काय होते?

आज ज्याला आपण टाइप १ मधुमेह म्हणतो, तो हा आजार. टाइप १ आणि टाइप २ अशी विभागणी त्या वेळी झालेली नव्हती, पण लहान मुलांचा मधुमेह मोठ्यांपेक्षा झपाट्याने जीव घेतो हे डॉक्टरांना पक्के ठाऊक होते.

आपण पोळी, भात, बटाटा, साखर असे काही खाल्ले की त्यातील कर्बोदकांचे ग्लुकोज होते आणि ते रक्तात येते. रक्तातून पेशींत जाण्यासाठी त्याला इन्सुलिन लागते, जे स्वादुपिंड तयार करते. टाइप १ मध्ये हे इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही. ग्लुकोज रक्तात साचत राहते आणि लघवीवाटे निघून जाते. खूप तहान, सारखी लघवी, कितीही खाल्ले तरी न भागणारी भूक आणि घटणारे वजन ही त्याची लक्षणे. अन्न समोर असूनही पेशी उपाशी असतात. मग शरीर स्वतःची चरबी जाळू लागते. त्यातून कीटोन तयार होतात, रक्त आम्लधर्मी होत जाते आणि शेवटी रुग्ण बेशुद्ध होतो. त्या काळी या बेशुद्धीतून फारसे कुणी परत येत नसे. निदानानंतर बहुतेक मुले वर्ष-दोन वर्षांत दगावत.

स्वादुपिंड काढून टाकले की कुत्र्याला मधुमेह होतो, हे जर्मनीत मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी १८८९ मध्येच दाखवले होते. म्हणजे बिघाड कुठे आहे ते समजले होते. दुरुस्ती कशी करायची ते मात्र पुढची तीस वर्षे कुणालाही जमले नाही.

डॉ. ॲलन यांचा आहार नेमका काय होता?

साखर पेशींत पोहोचवता येत नसेल, तर निदान ती शरीरात कमी जाऊ द्यावी, हा विचार तसा जुना. ब्रिटिश लष्करातील शल्यचिकित्सक जॉन रोलो यांनी १७९७ मध्येच एका मधुमेही अधिकाऱ्याला मांसाहारावर ठेवल्याचे लिहून ठेवले आहे. १८७० मध्ये पॅरिसला वेढा पडून शहरात अन्नाची टंचाई झाली, तेव्हा अपोलिनेर बुशार्दा या डॉक्टरांना आपल्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतील साखर कमी झाल्याचे आढळले होते.

डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी हा विचार टोकाला नेला. प्राण्यांवरील प्रयोगांतून त्यांनी असे अनुमान काढले की, मधुमेही माणसाच्या स्वादुपिंडात थोडी तरी क्षमता शिल्लक असते. तिच्यावरचा भार त्या क्षमतेच्या आत ठेवला तर रुग्ण तगतो. भार वाढला तर उरलेली क्षमताही जाते. ट्रान्सफॉर्मर छोटा असेल तर गावातले पंप आळीपाळीनेच चालवावे लागतात. ॲलन यांनी एका अर्थी स्वादुपिंडाचे लोडशेडिंग सुरू केले.

त्यांच्या पद्धतीत आधी कडक उपास असे. लघवीतील साखर पूर्ण थांबेपर्यंत रुग्णाला जवळपास काहीच खायला मिळत नसे. मग अगदी थोडी कर्बोदके, तीही भाज्यांच्या रूपात. भाज्यांची त्यांच्यातील कर्बोदकांच्या टक्केवारीनुसार प्रतवारी केलेली असे. कोबी, पालक, सेलरी अशा भाज्या ५ टक्क्यांच्या गटात, बटाटा २० टक्क्यांच्या गटात. कमी प्रतीच्या भाज्याही काही वेळा तीनदा उकडत आणि प्रत्येक वेळी पाणी फेकून देत, म्हणजे उरलीसुरली साखरही निघून जावी. त्या उकडलेल्या चोथ्याला चव काय राहत असेल याची कल्पना करता येते. भाज्यांनंतर अंडी, मांस अशी प्रथिने आणि मग जपून स्निग्ध पदार्थ. कुठल्याही टप्प्यावर लघवीत साखर दिसली की पुन्हा उपास.

साखर दिसली हे कळायचे कसे? बेनेडिक्टच्या द्रावणाने. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला परीक्षानळीत निळे द्रावण घेऊन तापवल्याचे अनेकांना आठवत असेल. साखर नसेल तर रंग निळाच राहतो. असेल तर हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी होत जातो. एलिझाबेथच्या घरी ही परीक्षा रोज होती आणि तिच्या निकालावर दुसऱ्या दिवशीचे जेवण ठरत होते.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. आजच्या लो-कार्ब किंवा ‘कीटो’ आहारात कर्बोदके कमी करून त्यांची जागा तूप, लोणी, चीज, अंडी यांनी भरली जाते, त्यामुळे पोट भरते. ॲलन यांच्या आहारात ती मुभा नव्हती. फक्त कर्बोदके तोडून स्निग्ध पदार्थ वाढवले की मधुमेही रुग्णात कीटोन वाढतात, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून ते कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ सगळेच आवळत. त्यांचा आहार लो-कार्ब होताच, पण त्याहून अधिक तो उपासमारीचा आहार होता. वैद्यकाच्या इतिहासात तो त्याच नावाने ओळखला जातो.

रोजच्या जगण्यात हा आहार कसा पाळला गेला?

ॲलन यांनी एलिझाबेथला आधी सुमारे आठवडाभर उपाशी ठेवले. त्यानंतर काही आठवडे दिवसाला ४०० ते ६०० कॅलरी आणि आठवड्यातून एक दिवस उपास. आपल्या मध्यम आकाराच्या साध्या पोळीत साधारण १०० कॅलरी असतात. म्हणजे दिवसभरात चार ते सहा पोळ्यांइतकी ऊर्जा, तीही पोळ्या न खाता. अकरा-बारा वर्षांच्या वाढत्या मुलीला याच्या तीन-चार पट तरी लागते. नंतर प्रमाण थोडे वाढवण्यात आले, पण पोटभर जेवण तिला मिळाले नाही.

हे एकट्या मुलीला जमणारे काम नव्हते. घरच्यांनी तिच्यासाठी ब्लांच बर्जेस नावाची परिचारिका ठेवली. ताटात येणारा प्रत्येक पदार्थ ग्रॅममध्ये तोलायचा, त्यातील कर्बोदके, प्रथिने, स्निग्धांश यांचा हिशेब मांडायचा, लघवी तपासायची आणि नोंद ठेवायची, हे तिचे रोजचे काम. कर्बोदके आणि प्रथिनांच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्धांशाच्या ग्रॅमला ९, हे गणित आज मोबाइलमधले ॲप करते. तेव्हा ते वहीत, पेन्सिलीने, प्रत्येक जेवणाला करावे लागे.

पण तराजू आणि वही यांच्यापेक्षा अवघड गोष्ट होती ती इतरांबरोबर जेवायला बसण्याची. घरचे सगळे सहलीला गेले की इतरांसाठी मांस, ताजे मासे, मक्याची कणसे, कलिंगड असे. एलिझाबेथसाठी वेगळा छोटा तवा नेला जाई आणि त्यावर तिचे ऑम्लेट होई. तिला घरी ठेवून जाण्याचा किंवा तिच्यासाठी सगळ्यांचाच बेत रद्द करण्याचा पर्याय होता. तो न निवडता तिचे जेवण सोबत न्यायचे, हे कुणीतरी विचारपूर्वक ठरवले होते. वाढदिवसाचा खोकाही त्यातलाच. केक नसला तरी मेणबत्त्या विझवण्याचा कार्यक्रम बुडाला नाही.

तिने कधी चोरून खाल्ले का? थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर स्वयंपाकघरातून टर्कीच्या कातडीचा तुकडा उचलताना ती एकदा सापडली होती. तीन वर्षांच्या भुकेत एवढीच चोरी सांगितली जाते. तिच्या शिस्तीचे कौतुक होते ते यामुळे. ॲलन यांच्याच रुग्णांत बारा वर्षांचा एक अंध मुलगा होता. त्याला खोलीत वेगळे ठेवूनही त्याच्या लघवीत साखर येत राहिली. शोध घेतल्यावर कळले की, तो टूथपेस्ट आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे दाणे खात होता. तो मुलगा वाचला नाही. त्या मुलाला बेशिस्त म्हणणे सोपे आहे. पण त्याची भूक नैसर्गिक होती. वेगळी होती ती एलिझाबेथ.

शिस्त पाळूनही वजन घटत का गेले?

कारण हा आहार आजार बरा करत नव्हता, मृत्यू लांबवत होता. स्वादुपिंडातील उरलीसुरली क्षमता टाइप १ मध्ये काळानुसार संपतच जाते, मग खाणे कितीही मोजूनमापून असो. क्षमता कमी झाली की पचणारी कर्बोदके कमी, म्हणून आहार आणखी कमी, म्हणून वजन आणखी कमी. साखरेने मरायचे की भुकेने, एवढीच निवड हळूहळू उरत होती. ॲलन यांचे काही रुग्ण प्रत्यक्षात उपासमारीनेच गेले. त्यामुळे त्यांच्यावर तेव्हाही कठोर टीका झाली. पण त्यांच्याकडे द्यायला दुसरे काही नव्हते आणि टीका करणाऱ्यांकडेही नव्हते.

दरम्यान १९२० मध्ये एलिझाबेथची मोठी बहीण हेलन अवघ्या २८ व्या वर्षी आजारपणात वारली. एक मुलगी गेलेली आणि दुसरी डोळ्यांदेखत वाळत चाललेली, अशा स्थितीत वडील १९२१ मध्ये देशाचे परराष्ट्रमंत्री झाले. थंडी टाळण्यासाठी ब्लांचसोबत एलिझाबेथला बर्म्युडा बेटावर पाठवण्यात आले. तिथे पोटाच्या दुखण्याने तिची तब्येत आणखी खालावली. या सगळ्या काळात ती आईला पत्रे लिहीत होती, वाचत होती आणि मोठेपणी काय करायचे याचे बेत आखत होती.

टोरंटोत काय घडले?

१९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरंटो विद्यापीठात डॉ. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडापासून काढलेल्या अर्कावर प्रयोग सुरू केले. प्राध्यापक मॅक्लाउड यांची ती प्रयोगशाळा. नंतर जेम्स कॉलिप यांनी तो अर्क शुद्ध करण्याचे काम हाती घेतले. ११ जानेवारी १९२२ रोजी १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिले इंजेक्शन दिले गेले. अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. २३ जानेवारीला कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क दिला आणि या वेळी साखर खाली आली.

पण प्रयोगशाळेत बनवणे वेगळे आणि मोठ्या प्रमाणात बनवणे वेगळे. काही महिन्यांतच टोरंटोच्या चमूला तोच अर्क पुन्हा बनवता येईना. १९२२ च्या उन्हाळ्यात इन्सुलिन मोजक्याच रुग्णांपुरते मिळत होते. अमेरिकेतील एली लिली या कंपनीबरोबर उत्पादनाचे काम नुकतेच सुरू झाले होते. जुलैच्या सुरुवातीला एलिझाबेथच्या आईने बँटिंग यांना पत्र लिहिले, तेव्हा पुरेसे औषधच नसल्याने त्यांनी नकार कळवला.

ऑगस्टमध्ये होकार आला. १६ ऑगस्ट १९२२ रोजी बँटिंग यांनी एलिझाबेथला तपासले. तीन दिवसांनी ती १५ वर्षांची होणार होती. उंची सुमारे पाच फूट आणि वजन ४५ पौंड, म्हणजे २० किलोच्या आसपास. पहिली-दुसरीतल्या मुलाचे वजन असते तेवढे. बँटिंग यांच्या नोंदीत कोरडी कातडी, ठिसूळ विरळ केस, पुढे आलेले पोट आणि झडलेले स्नायू यांचा उल्लेख आहे. तिला नीट चालताही येत नव्हते.

त्याच दिवशी इंजेक्शन सुरू झाले. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस ती दिवसाला १,२२० कॅलरी खात होती, पुढच्या आठवड्यात २,२००. बँटिंग यांनी नंतर तिला सर्वसाधारण जेवणाची मुभा दिली. तीन वर्षांहून अधिक काळानंतर तिने पांढऱ्या पावाचा तुकडा खाल्ला. मग बटाटा, मॅकरोनी... त्या दिवसांत टोरंटोहून आईला पाठवलेल्या तिच्या पत्रांत खाण्याचे वर्णन पानेच्या पाने आहे. इंजेक्शन सुखाचे नव्हते. औषध तेव्हा आजच्यासारखे संहत नव्हते, त्यामुळे बरेच द्रव टोचावे लागे आणि ती जागा सुजे, दुखे. एका खेपेचे औषध कमी ताकदीचे, तर दुसऱ्या खेपेचे जास्त, असेही होई. साखर अचानक खाली जाण्याचा धोका रोजचा होता.

नोव्हेंबरच्या अखेरीस ती घरी परतली. काही महिन्यांत तिचे वजन १०० पौंडांच्या पुढे गेले.

मंत्र्यांची मुलगी म्हणून तिला झुकते माप मिळाले का?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. औषध कमी, मरणाच्या दारातली मुले असंख्य आणि निवडलेल्यांत परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. दुसऱ्या बाजूला, त्याच उन्हाळ्यात जुलैमध्ये टेडी रायडर या पाच वर्षांच्या, जेमतेम २६ पौंड वजनाच्या मुलालाही बँटिंग यांनी इन्सुलिन दिले होते. त्याचे आईवडील कुणी बडे नव्हते. टेडी पुढे वयाच्या ७६ व्या वर्षापर्यंत जगला. १९९३ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

खरे झुकते माप शोधायचे तर ते ऑगस्ट १९२२ मध्ये नव्हे, त्याआधीच्या तीन वर्षांत सापडते. चोवीस तास सोबत असणारी परिचारिका, देशातील सर्वांत नावाजलेल्या मधुमेहतज्ज्ञांपैकी एकाचे उपचार, ताजी अंडी आणि मांस, हवाबदलासाठी बेट. कर्बोदके तोडलेला आहार कागदावर साधा दिसतो, पण तो घरात चालवायला पैसा, वेळ आणि माणूस लागते. कामगाराच्या घरातील मुलीला हाच मधुमेह झाला असता, तर तिच्या ताटात स्वस्त म्हणून पाव आणि बटाटेच असते. ती १९२२ पर्यंत पोहोचली असती का, हा प्रश्न विचारायला हवा. एलिझाबेथ पोहोचली, कारण रोज कुणीतरी तिचे जेवण तोलत होते.

इन्सुलिननंतर ॲलन यांच्या आहाराचे काय झाले?

ॲलन यांनाही त्याच ऑगस्टमध्ये इन्सुलिन मिळू लागले. न्यू जर्सीतील मॉरिसटाउन येथे १९२१ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली होती. तिथल्या हाडांचे सापळे झालेल्या रुग्णांनाही ते देण्यात आले. ज्या माणसाने आयुष्य आहार मोजण्यात घालवले, त्याचीच पद्धत काही महिन्यांत मागे पडली. पुढे मंदीच्या काळात त्यांची संस्थाही आर्थिक अडचणीत आली. १९२३ चे नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळाले. बँटिंग यांनी आपली रक्कम बेस्ट यांच्याबरोबर, तर मॅक्लाउड यांनी कॉलिप यांच्याबरोबर वाटून घेतली. ॲलन यांचे नाव आज डॉक्टरांनाही फारसे माहीत नसते. तरीही पहिल्या वर्षात इन्सुलिन मिळालेले अनेक रुग्ण त्यांच्या किंवा बोस्टनचे डॉ. इलियट जोसलिन यांच्या आहाराने जिवंत राहिलेले होते, हे विसरता येत नाही.

आजच्या लो-कार्ब आहाराशी याचा काय संबंध?

१४ नोव्हेंबरला आपल्याकडे बालदिन असतो. बँटिंग यांचा जन्मही १४ नोव्हेंबरचाच, त्यामुळे जागतिक मधुमेह दिनही त्याच तारखेला येतो. या सुमारास आहाराने मधुमेह पळवण्याचे दावे समाजमाध्यमांवर हमखास फिरतात. एलिझाबेथची कहाणी त्या दाव्यांना थेट छेद देते. टाइप १ मध्ये तिच्याइतकी कडक कर्बोदक-बंदी कुणी पाळली असेल असे वाटत नाही, आणि तरीही ती इन्सुलिनशिवाय वाचू शकत नव्हती. टाइप १ असलेल्या मुलाचे इन्सुलिन कोणत्याही आहाराच्या भरवशावर बंद करता येत नाही.

कर्बोदके कमी केल्यावर जेवणानंतरची साखर कमी वाढते, हे खरे. म्हणूनच काही रुग्णांना, विशेषतः टाइप २ मध्ये, डॉक्टर असा आहार सुचवतात. पण इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना जेवणातील कर्बोदके एकदम घटवली आणि औषधाची मात्रा तीच ठेवली, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. वाढत्या मुलांच्या बाबतीत उंची-वजनावरही लक्ष ठेवावे लागते. त्यामुळे मात्रा आणि आहार दोन्ही डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखालीच बदलायचे असतात.

शाळेत किंवा वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. त्याचा आहार लो-कार्ब आहे म्हणून त्याला साखर कधीच द्यायची नाही, असा समज वर्गशिक्षकाचा किंवा मेसच्या मावशींचा झाला तर ते जिवावर बेतू शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, गोंधळल्यासारखे होणे ही साखर खाली गेल्याची लक्षणे आहेत. मूल शुद्धीत असेल तर त्या वेळी ग्लुकोज किंवा साखरेचे पाणी लगेच द्यावे लागते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखाना गाठावा लागतो. मुलाच्या आहाराची आणि औषधांची माहिती आईवडिलांनी शाळेला लेखी दिलेली असली तर अशा वेळी घोटाळा होत नाही. एलिझाबेथच्या बाबतीत हे सगळे एका ब्लांचच्या डोक्यात होते. आज ते चार-पाच जणांना माहीत असावे लागते, कारण आजचे मूल घरात बसून नसते.

एलिझाबेथने आजार का लपवला?

१९२२ मध्ये तिच्या उपचारांच्या बातम्या अमेरिका आणि कॅनडातील वृत्तपत्रांत छापून आल्या होत्या. इन्सुलिनची सर्वांत प्रसिद्ध बालरुग्ण म्हणून तिचे नाव झाले. आणि ती नेमकी याच ओळखीपासून दूर गेली. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधून १९२९ मध्ये ती पदवीधर झाली. बोटाला टोचून साखर मोजणारे यंत्र यायला अजून अनेक दशके होती. कॉलेजमधला प्रत्येक दिवस इंजेक्शन, लघवीची तपासणी आणि अंदाज यांवर काढायचा होता.

१९३० मध्ये विल्यम गॉसेट या वकिलांशी त्यांचा विवाह झाला. गॉसेट पुढे फोर्ड मोटर कंपनीचे प्रमुख कायदेविषयक सल्लागार आणि अमेरिकन बार असोसिएशनचे अध्यक्ष झाले. या दाम्पत्याला तीन मुले झाली. मिशिगनमध्ये राहत असताना एलिझाबेथ यांनी ओकलंड विद्यापीठाच्या उभारणीत भाग घेतला. १९७० च्या दशकात सुप्रीम कोर्ट हिस्टॉरिकल सोसायटीच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता आणि त्या संस्थेच्या अध्यक्षही होत्या. या संपूर्ण काळात त्यांना मधुमेह आहे हे अगदी जवळच्या मोजक्या माणसांनाच ठाऊक होते. वडिलांच्या कागदपत्रांतील आपल्या आजाराचे उल्लेख आणि त्या काळातील छायाचित्रेही त्यांनी शक्य तितकी नष्ट केली.

बालपणाची तीन वर्षे ज्यांनी ‘रुग्ण’ म्हणून घालवली, त्यांना उरलेले आयुष्य त्या शब्दाशिवाय जगावेसे वाटले असेल तर नवल नाही. शिवाय त्या पिढीत मधुमेह असलेल्यांकडे नोकरी, लग्न, मूल अशा प्रत्येक बाबतीत संशयानेच पाहिले जाई. या लपवण्याची किंमतही होती. इन्सुलिनवर माणूस पन्नास वर्षांहून अधिक काळ भरभरून जगू शकतो, याचा इतका ठळक पुरावा असूनही नव्याने निदान झालेल्या मुलांच्या आईवडिलांना तो कधी दिसला नाही.

१९८० च्या सुमारास इन्सुलिनच्या शोधाचा इतिहास लिहिणारे कॅनेडियन इतिहासकार मायकेल ब्लिस यांना एलिझाबेथ अजून हयात असल्याचे कळले आणि त्या त्यांच्याशी बोलल्या. ब्लिस यांचे पुस्तक १९८२ मध्ये आले. ते पाहायला एलिझाबेथ नव्हत्या. एप्रिल १९८१ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ५८ वर्षांत त्यांनी सुमारे ४२,००० इंजेक्शने घेतली होती. भागाकार केला तर दिवसाला जवळपास दोन पडतात. १९२२ मध्ये टोरंटोहून आईला लिहिलेली त्यांची पत्रे मात्र नष्ट झाली नाहीत. ती आता टोरंटो विद्यापीठाच्या टॉमस फिशर दुर्मीळ ग्रंथ संग्रहालयात आहेत.